उद्यमनगरांतील आठ दिवस

कोल्हापुरास जाणारा मनुष्य काय काय पाहून येतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अंबाबाईचें दर्शन, रंकाळ्याची संध्याकाळ, सवड असल्यास पन्हाळा व जोतिबा, आणि परततांना पिशवींत गुळाची ढेप. आम्हींहि आजवर चार-पांच वेळां अशीच यात्रा केली होती. परंतु २०१९ सालच्या भाद्रपदांत आम्हांस ज्या कारणानें तेथें आठ दिवस राहावें लागलें, तें कारण देवदर्शनाचें नव्हतें आणि करमणुकीचेंहि नव्हतें. पुरांत बुडालेल्या एका जुन्या ट्रकाचें एंजिन पुन्हां उभें राहतें कीं भंगारांत जातें, ह्याचा निकाल तेथें लागावयाचा होता. संस्कृत शिकविण्यांत ज्याची हयात गेली, त्याचा ह्या प्रकरणाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध इतकाच कीं, ट्रकाचा मालक आमचा जुना विद्यार्थी. त्याच्या वडिलांशीं आमचा घरोबा होता. आणि वडिलांच्या मागें "हें करावें कीं न करावें" असें विचारावयास त्याला घरांत दुसरें वडील माणूस उरलें नव्हतें.

त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा व पंचगंगा ह्या नद्यांनीं सांगली-कोल्हापूर भागांत जो हाहाकार उडविला, तो सर्वांच्या स्मरणांत आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती ह्या चार नद्या मिळून पंचगंगा होते. पांचवी सरस्वती गुप्त आहे अशी श्रद्धा आहे. तिकडे सह्याद्रीच्या माथ्यावर आठवडाभर धार लागली कीं इकडे पंचगंगा पात्र सोडून शेतांत शिरते. त्या खेपेस ती शिरोलीजवळ थेट पुणें-बंगळूर महामार्गावर आली आणि तो रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. आमच्या विद्यार्थ्याचा ट्रक महामार्गालगतच्या एका सखल आवारांत उभा होता. चालकाच्या बैठकीपर्यंत पाणी चढलें व चार दिवस तसेंच राहिलें.

पाण्यानें जें नुकसान केलें, त्याहून अधिक नुकसान पाणी ओसरल्यावरच्या घाईनें केलें. मालक स्वतः गांवीं घरांतला चिखल उपसण्यांत गुंतला होता. इकडे चालकानें दुसऱ्या गाडीला सांखळी बांधून, म्हणजे ह्या लोकांच्या भाषेंत 'टोचन लावून', ट्रक ओढविला, गिअर टाकला आणि क्लच सोडला. एंजिन दोन गचके खाऊन, आंतून घण मारल्यासारखा आवाज करून, जागच्या जागीं अडकलें. चालकाचा हेतु वाईट नव्हता. गाडी लवकर रस्त्यावर यावी, मालकाचा चार दिवसांचा तरी धंदा वांचावा, एवढेंच त्याच्या मनांत होतें.

एवढें बळकट यंत्र पाण्यानें कसें मोडतें, हें समजून घेण्यासारखें आहे. रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन एंजिनियराचें पहिलें यशस्वी एंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें चाललें. तें दहा फूट उंचीचें धूड होतें. तें आकसून मालगाडीच्या पोटांत मावण्यास आणखी पंचवीस वर्षें लागलीं. जर्मनींत १९२३-२४ च्या सुमारास पहिले डीझेल ट्रक निघाले. ह्या एंजिनांत ठिणगी पाडावी लागत नाहीं. सिलिंडरांतील हवा पिस्टन इतकी दाबतो कीं, तिचें आकारमान मुळच्या सुमारें सतराव्या हिश्शावर येतें. त्या दाबानें ती इतकी तापते कीं, तींत डीझेलचा फवारा शिरतांच आपोआप पेट घेतो. म्हणजे हवा दबते, म्हणून एंजिन चालतें. पाणी मात्र दबत नाहीं. सिलिंडरांत तळहाताएवढें पाणी सांचलेलें असेल आणि पिस्टन खालून जोरानें वर आला, तर दोहोंपैकीं कोणीच माघार घेत नाहीं. मग त्या दोघांच्या मधला जो पोलादी दांडा, ज्यास कनेक्टिंग रॉड म्हणतात, तो वांकतो. बुडालेली गाडी चालू करण्यापूर्वीं नोझलें काढून, एंजिन हातानें फिरवून, सगळें पाणी बाहेर पाडावें लागतें, तें ह्याचसाठीं. आमच्या वाचकांच्या घरीं मोटार असेल, तर एवढी एक गोष्ट त्यांनीं घरांतल्या तरुण मंडळींस अवश्य सांगून ठेवावी: पुरांतून निघालेल्या गाडीची किल्ली फिरवूं नये.

आम्ही साताऱ्याहून एस. टी.नें निघालों. कराडला कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तेथपर्यंत सर्व कांहीं नेहमींसारखें वाटलें. पुढें मात्र ठिकठिकाणीं आडवा झालेला, मातकट रंगाचा ऊस दिसूं लागला. आणि शिरोलीजवळ घरांच्या भिंतींवर, दुकानांच्या पाट्यांवर, कुंपणांवर एकाच उंचीची तपकिरी रेघ दिसली. फळ्यावर पट्टीनें ओढावी तशी ती सरळ होती. ती पाहून बसमधले बोलणारे प्रवासीहि क्षणभर गप्प झाले.

महामार्गाच्या कडेला ज्या गॅरेजांत ट्रक होता, तेथें आम्ही पोंचलों, तेव्हां एंजिन उतरवून एका लोखंडी घोडीवर ठेवलें होतें. तळाचें तेल काढलें, तें ताकासारखें पांढरट निघालें होतें. तेलांत पाणी घुसळलें गेलें कीं तसें होतें. मेस्त्री साठीच्या आंत-बाहेरचे, आमच्याच वयाचे. आम्ही शाळामास्तर असें कळतांच त्यांनीं हात पुसून एक डबा पालथा घातला व म्हणाले, "बसा गुर्जी. आज तुमी विद्यार्थी."

पहिला धडा नांवाचा झाला. ट्रक टाटाचा, '१६१३' जातीचा. पहिले दोन आंकडे म्हणजे मालासकट सोळा टन वजन. पुढचे दोन म्हणजे सुमारें १३० अश्वशक्ति. एंजिनाचें नांव '६९७': सहा सिलिंडर, आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. आमच्या जुन्या ज्योतिष्यांनीं शब्दांत आंकडे लपविले. ह्या कारागिरांनीं आंकड्यांत सगळें वर्णन लपविलें आहे, हें पाहून आम्हांस मौज वाटली. टाटांनीं जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशीं करार करून १९५४ सालीं जमशेदपूरला ट्रक बांधण्यास आरंभ केला. १९६९ सालीं तो करार संपला, तरी ह्या एंजिनाची घडण त्याच घराण्याची राहिली. सहा सिलिंडर पेटण्याचा क्रम मेस्त्रींनीं एका दमांत म्हणून दाखविला: एक, पांच, तीन, सहा, दोन, चार. आम्हीं तो सूत्रासारखा पाठ केला व अजून विसरलों नाहीं.

दुसरा व पांचवा असे दोन रॉड वांकले होते. ह्या दोन्ही सिलिंडरांचे पिस्टन एकदमच वर येतात व एकदमच खालीं जातात. दोघांवर एकच आपत्ति ओढवली. एका लायनरला, म्हणजे सिलिंडरांत घट्ट बसविलेल्या नळीला, गाळाच्या कणांनीं उभे चरे पडले होते. हें सगळें नवें मिळण्यासारखें होतें. खरी चिंता होती ती क्रँकची. सहाहि पिस्टनांची वर-खाली धांव ज्या एका अवजड, वळणावळणाच्या दांड्यावर फिरकीचें रूप घेते, तो हा क्रँक. त्याला तडा गेला असेल तर खर्च दीड पटीवर जाणार, आणि मग दुरुस्तीचा विचारच सोडावा लागणार.

सोडला तर काय, हाहि प्रश्न होता. हा ट्रक विद्यार्थ्याच्या वडिलांनीं घेतला. त्यावर दोन बहिणींचीं लग्नें झालीं, धाकट्या भावाचें शिक्षण झालें. आतां घरांत नऊ माणसें, आणि दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या ऊसवाहतुकीसाठीं तोडणीवाल्यांस त्यानें उचल आधींच देऊन ठेवलेली. हंगामाला ट्रक उभा राहिला नाहीं, तर उचल बुडणार आणि कर्ज मात्र राहणार. पुढें तीन वाटा होत्या. पहिली, आहे तसा भंगारांत देणें. तसा गिऱ्हाईक रोज फेरी घालीत होता. दुसरी, कोणत्या तरी मोडलेल्या गाडीचें जुनें एंजिन आणून बसविणें. हें स्वस्त, पण तें एंजिन कोणी कसें राबविलें हें ठाऊक नसतें, आणि एंजिनाचा नंबर परिवहन कार्यालयांत नव्यानें नोंदवून घ्यावा लागतो. तिसरी, हेंच एंजिन बांधणें. त्यास सव्वा लाखाच्या आसपास खर्च होता. नवा ट्रक घ्यावयाचा तर त्याच्या दहा-पंधरापट कर्ज. "गुरुजी, तुम्ही सांगाल तसें," असें विद्यार्थी म्हणाला खरा. पण क्रँक पाहिल्यावांचून सांगावें तरी काय?

क्रँक घेऊन आम्ही उद्यमनगरांत गेलों. कोल्हापूरच्या वस्तींतच हें शिवाजी उद्यमनगर आहे. अरुंद गल्ल्या, दोहों बाजूंस लहान लहान कारखाने, दारांत पोलादाच्या किसाच्या कुरळ्या बटांचे ढीग आणि हवेंत तापलेल्या तेलाचा वास. येथें कोणीहि सगळें काम करीत नाहीं. एक जण फक्त क्रँक घांसतो, दुसरा फक्त सिलिंडर कांततो, तिसरा पंप व नोझलें पाहतो, चौथा रेडिएटर झाळतो. यज्ञांत होता, अध्वर्यु, उद्गाता व ब्रह्मा ह्यांचीं कामें जशीं वांटलेलीं असतात आणि एकानें दुसऱ्याच्या कर्मांत हात घालावयाचा नसतो, तसाच हा प्रकार.

हें कसब येथेंच कां वाढलें, ह्याचें कारण नदीकांठच्या शेतींत सांपडतें. उसाला पाणी फार लागतें. तें नदींतून उचलावयाचें तर पूर्वीं तेलावर चालणाऱ्या एंजिनांवांचून गति नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली, ती येथून फार दूर नाहीं. पुढें १९४६ सालीं त्याच घराण्याचा तेल-एंजिनांचा कारखाना पुण्याजवळ खडकीस निघाला. ज्या मुलखांत कांठाकांठानें एंजिनें धडधडत होतीं, त्या मुलखांत तीं उघडून बसविणारे हात तयार होणें स्वाभाविकच होतें. जवळच्या शिरोली व गोकुळ शिरगांवच्या वसाहतींत बिडाचें ओतकाम करणाऱ्या भट्ट्या आहेत, त्यांचेंहि गोत्र तेंच.

क्रँकची परीक्षा दोन रीतींनीं झाली. प्रथम तो दोरानें टांगून कारागिरानें त्यावर लहान हातोडीनें टिचकी मारली. घरांतल्या बायका मडकें वाजवून घेतात, तशीच ही रीत: अखंड असेल तर नाद लांबतो, तडकलें असेल तर बद्द आवाज येतो. नाद चांगला आला. मग क्रँक रॉकेलनें धुऊन, कोरडा पुसून, त्यावर पांढरी भुकटी भुरभुरली. ती भुकटी खडूची होती. आमच्या धंद्यांतला खडू येथें पाहून आम्ही चकित झालों. तडा असेल तर त्यांत मुरलेलें रॉकेल हळूहळू बाहेर येतें आणि पांढऱ्या भुकटीवर काळी रेघ उमटते. आम्ही चहा घेऊन परत आलों, तों चौथ्या मानेजवळ एक बारीक काळी रेघ उमटलेली! विद्यार्थ्याचा चेहरा खर्रकन् उतरला. कोणी कांहीं बोललें नाहीं.

मेस्त्रींनीं चष्मा कपाळावर सरकवून त्या रेघेवरून नख फिरविलें. मग बारीक पॉलिश कागदानें ती जागा घांसून, पुन्हां रॉकेल, पुन्हां खडू. ह्या वेळीं आम्ही चहाला गेलों नाहीं. अर्धा तास भुकटी पांढरीच राहिली. "वरखडा हाय, तडा न्हाई," मेस्त्री म्हणाले. तरीहि त्यांचें समाधान झालें नाहीं. पलीकडच्या गल्लींत चुंबकाच्या साहाय्यानें तडे शोधणारें यंत्र होतें. तेथें नेऊन क्रँक पुन्हां तपासविला व तो निर्दोष ठरल्यावरच घांसावयास दिला. "डोळ्यावर भरवसा हाय," ते म्हणाले, "पन नऊ मान्सं जेवत्यात ह्येच्यावर."

हा क्रँक पूर्वीं एकदां पाव मिलिमीटर घांसलेला होता. आतां अर्ध्या मिलिमीटरवर आला. त्या बेतानें बेअरिंगें जाडसर घालावयाचीं. ह्यापुढें पाऊण आणि एक अशीं दोन मापें राहिलीं. "म्हंजे ह्येला आजून दोन जन्म हाइत," असा मेस्त्रींनीं हिशेब सांगितला.

वांकलेले रॉड दाबयंत्राखालीं सरळ करून घालण्याची रीत ह्या धंद्यांत पुष्कळ चालते व तिनें खर्चहि वांचतो. विद्यार्थ्यानें तसें सुचविलें. मेस्त्रींनीं मान हलविली. एकदां वांकलेलें पोलाद सरळ दिसतें, पण भार पडला कीं केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं, आणि तें तुटलें तर एंजिनाची भिंत फोडून बाहेर येतें. दोन रॉड नवे आले. पंप मात्र वांचला. रॉबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्यानें १९२७ सालीं ज्या जातीचे डीझेल-पंप मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला, त्याच वंशांतला हा. त्यांतील प्रत्येक दट्ट्या व त्याची नळी एकमेकांत इतकीं जुळवून घांसलेलीं असतात कीं, एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळींत चालत नाहीं. पाण्यानें गंज धरण्यापूर्वींच तो उघडून तेलांत बुडवून ठेवण्याची बुद्धि मेस्त्रींस झाली होती.

सातव्या दिवशीं एंजिन गाडींत बसलें आणि एक नवीच अडचण निघाली. पितृपक्ष चालू होता. घरून विद्यार्थ्याच्या आईचा निरोप आला कीं, घटस्थापनेपर्यंत एंजिन चालू करूं नये. ह्या बाबतींत निर्णय देण्याचा अधिकार सर्वांनीं आमच्याकडे सोंपविला. आम्हीं फोनवरून वहिनींस इतकेंच सांगितलें: "पितृपक्षांत नव्या वस्तूची खरेदी करीत नाहींत, हें खरें. पण ही वस्तु नवी कोठें आहे? तुमच्या यजमानांनीं घेतलेली गाडी त्यांच्या मुलानें राखली. त्यांना पोंचेल असें दुसरें काय करावें?" पलीकडून बराच वेळ शब्द आला नाहीं. मग त्या म्हणाल्या, "करा सुरू. नारळ मात्र फोडा."

प्रथम तेल भरून, डीझेल बंद ठेवून, एंजिन नुसतें फिरविलें. तेलाचा दाब कांट्यावर आला. मग हातपंप मारमारून नळ्यांतील हवा काढली. डीझेलच्या वाटेंत हवेचा बुडबुडा राहिला तर एंजिन पेट घेत नाहीं. तिसऱ्या खेपेस एंजिनानें श्वास घेतला. पांढरा धूर निघाला, विरळ झाला, दिसेनासा झाला; आणि एका लयींत, एक पांच तीन सहा दोन चार, तें चालूं लागलें. मेस्त्री कान देऊन उभे होते. विद्यार्थ्यानें त्यांच्या पायांस हात लावला, तेव्हां ते त्याला म्हणाले, "माजं काम झालं. आता तुजं सुरू."

हें वाक्य आम्हांस फार मोलाचें वाटलें. संस्कृतांत 'योगक्षेम' असा जोडशब्द आहे. जें नाहीं तें मिळविणें हा योग. जें मिळालें तें जतन करणें हा क्षेम. आपण सर्व जण योगाचा उत्सव करतों. नव्या गाडीला हार घालतों, पेढे वांटतों. क्षेमाला हार नाहीं, पेढे नाहींत. रोज पहाटे उठून तेलाची पट्टी पाहणें आहे. मेस्त्रींनीं सांगितलेलें नित्यकर्म असें: सकाळीं एंजिन थंड असतांना तेल व पाणी पाहावें, डीझेलच्या गाळणींत खालीं सांचलेलें पाणी सोडून द्यावें, सुरू करतांच एंजिन रेटूं नये, लांबच्या खेपेनंतर एकदम बंद न करतां एक-दोन मिनिटें मंद चालूं द्यावें, उसाच्या हंगामांत धूळ फार, म्हणून हवेची गाळणी वरचेवर साफ करावी. नव्यानें बांधलेल्या एंजिनावर पहिले एक-दोन हजार किलोमीटर अर्धाच माल घालावा, हजारानंतर तेल बदलावें, आणि टॅपेट पुन्हां तपासावे. ह्यांत कठिण असें कांहीं नाहीं. फक्त खंड पडूं द्यावयाचा नाहीं.

राखण्यालाहि मर्यादा आहे, हें सांगितलें पाहिजे. आठ वर्षांवरील मालगाडीस दरवर्षीं योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस धुराचे पुष्कळ कडक नियम लागू झाले, आणि २०२१ सालीं जुन्या गाड्या मोडीत काढण्याचें सरकारी धोरणहि जाहीर झालें. जुनें एंजिन नव्याइतकें स्वच्छ होऊं शकत नाहीं. म्हणून आमच्या विद्यार्थ्यानें मेस्त्रींच्याच सल्ल्यानें तीन अटी ठरवून ठेवल्या आहेत: धूर काळा होऊं लागला व दुरुस्तीनें थांबला नाहीं, क्रँक शेवटच्या मापाला पोंचला, किंवा एंजिनाच्या मुख्य भिंतीस तडा गेला, तर गाडी मोडीत द्यावयाची, त्या वेळीं वडिलांची आठवण मधें आणावयाची नाहीं.

त्या दिवसापासून तो एक वही ठेवतो. आम्हीं शाळेंत आंखून घ्यावयास लावीत असूं, तशीच लाल समासाची. तारीख, किलोमीटर, तेल, पाणी, काय बदललें. २०१९ चा हंगाम त्या ट्रकानें पुरा केला, उचल फिटली, आणि त्यानंतर त्या वहीचीं पानें संपून दुसरी वही लागली. मेस्त्री मधून मधून ती मागून घेतात व एखाद्या नोंदीवर बोट ठेवून प्रश्न विचारतात; विद्यार्थी उभा राहून उत्तर देतो.

आमच्या वाचकांपैकीं कोणी कोल्हापुरास जाणार असतील, तर त्यांनीं अंबाबाईचें दर्शन घ्यावें, रंकाळ्यावर बसावें, गूळ आणावा. पण एक सकाळ मुलांस बरोबर घेऊन उद्यमनगरांतहि फिरून यावें. कोणाच्या कामांत अडथळा न आणतां दारांत उभें राहिलें तर कोणी हांकलीत नाहीं. उलट एखादा डबा पालथा घालून बसावयास सांगतात.